मागून आलेली ओ

पुण्याच्या हेड ऑफिसचं पत्र आलं, की प्रत्येक शाखेने एक दिवस बाहेर जाऊन टीम बिल्डिंग करावी, खेळ घ्यावेत आणि फोटो पाठवावेत. आमची शाखा म्हणजे कळंबच्या बाजारपेठेतल्या दोन खोल्या आणि पाच माणसं. शेतकऱ्यांची माती तपासायची, अहवाल द्यायचा. मी सगळ्यांत नवी, लागून जेमतेम सात आठवडे झालेले. अमरसिंह सरांनी पत्रावर सरळ येळवशीची तारीख टाकली. त्या अमावस्येला आमच्याकडे गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, ऑफिस उघडून तरी कोण येणार होतं?

जायचं होतं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या अलीकडं, उत्कर्षच्या शेतावर. उत्कर्ष म्हणजे माझ्या आधी माझ्या खुर्चीवर बसणारा मुलगा. पावसाळ्यात त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. त्याच्या आईने, द्वारकाबाईंनी, ऑफिसला स्वतः फोन केला होता. "दरसाल येता, औंदाबी या. त्यो न्हाय म्हणून चुकवू नका." मला जायचं मन नव्हतं. ज्याच्या खुर्चीवर आपण बसलो, त्याच्या आईच्या हातचं जेवायचं कुठल्या तोंडाने?

पण बाईंनी मला बघताच जवळ ओढलं. "तूच व्हय मंजुषा? मुरुमची ना? लई लांबून आलीस गं नोकरीला." एवढंच बोलल्या आणि मांडामांडीला लागल्या. कडब्याची खोपटासारखी कोपी केलेली, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले. डाळी-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात ताकातली आंबील. ऊन स्वच्छ होतं, ज्वारी डोक्याइतकी उंच. सरांनी खेळासाठी फुगे आणले होते, ते करडईच्या काट्यांवर दहा मिनिटांत फुटले. टीम काही बिल्ड झाली नाही, पण सगळे पोट दुखेपर्यंत हसले. बाईसुद्धा हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून कोपीमागं गेल्या.

जेवणाआधी रान शिंपायचं असतं. एकाने पुढे आंबील शिंपडत पिकाला वेढा घालायचा आणि हाळी द्यायची, दुसऱ्याने मागून चालत ओ द्यायची. हे घरच्या माणसांचं काम. पण आमच्या ऑफिसात चहा सांगण्यापासून पंखा पुसण्यापर्यंत सगळं नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, त्याच सवयीने सरांनी तांब्या माझ्या हातात दिला. "व्यंकट, तू जा तिच्या मागं," माझ्या शेजारच्या टेबलावरच्याला म्हणाले.

मी निघाले. बांधाला वळसा घालून पहिली हाळी दिली. मागून ओ आली. शेवट लांबवलेली, आणि तिच्या आधी एक बारीक खोकला. ज्वारी दाट होती, मागे वळून बघितलं तरी पानंच दिसत होती. व्यंकटला सर्दी झाली असेल, असं वाटलं. मी हाळी देत राहिले, ओ येत राहिली. मुद्दाम एकदा गप्प राहिले, तर मागची पावलंही थांबली. चेष्टा करतोय मेला, असं म्हणून मी पुढे गेले.

वेढा पूर्ण करून कोपीपाशी आले. व्यंकट पत्रावळी मांडत बसला होता.

"फोन आला होता घरचा," तो ओशाळून म्हणाला. "तू एकटीच गेलीस?"

"मग ओ कोण देत होतं? खोकून खोकून?"

द्वारकाबाई उठून माझ्यापुढे आल्या.

"आधी खोकला, मग ओ?"

मी मान हलवली.

"ज्वारीत शिरला की खोकायचा त्यो. ल्हानपणापसनं." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पुन्यांदा चल. म्या देते हाळी. एकडाव ऐकू दे मला, लेकी. एकच डाव."

नाही म्हणायची माझी ताकद नव्हती.

त्या पुढे, मी मागे, माझ्या मागे कोणी नाही. त्यांनी हाळी दिली. आवाज फाटला. मग मान कलती करून त्या थांबल्या.

काहीच आलं नाही.

"आली का गं ओ?"

"अजून एकदा द्या, मावशी."

त्यांनी दिली. माझ्या मागे पानं सळसळली. वारा पडलेला होता. बारीक खोकला आला.

"ताई," मागून आवाज आला. "हाळी का बंद केलीत?"

माझ्यापुढे चार पावलांवर बाई गळा काढून हाळी देत होत्या.

"ताई, आमची आई आली न्हाय का शेतात?"

मी वळले नाही. त्याला ती ऐकू जात नव्हती. तिला तो ऐकू जात नव्हता. मधे मी.

"काय म्हणतोय?" बाईंनी वळून विचारलं. डोळे माझ्या तोंडावर खिळलेले.

"ओ देतोय, मावशी," मी म्हणाले. "तुमच्या प्रत्येक हाळीला."

बाईंचा चेहरा उजळला. तसा चेहरा मी कुणाचा पाहिला नाही. त्या रडत रडत, मोठ्याने हाळी देत पूर्ण वेढा चालल्या. मागून तो मला तेच विचारत राहिला. मी उत्तर दिलं नाही.

ऊन उतरायच्या आत आम्ही निघालो. गाडीपाशी बाईंनी माझ्या हातात भज्जीचा डबा दिला, गालांवरून हात फिरवला.

"फुडल्या येळवशीला तूच ये. तुझ्यासंगं येतोय त्यो."

"येते, मावशी," मी म्हणाले. "तब्येतीला जपा."

खोकला आला. या वेळी अगदी कानाशी.

"ताई, कुणाशी बोलायलाव?"