बाटली प्यायची होती

"पावणं, काय पाहिजे?" असं विचारत औषधाच्या दुकानात मेहकनं मान वर केली, आणि गोळ्यांची पट्टी कापणारी कात्री तिच्या हातातच राहिली. समोरच्या पोराच्या बोटांना सीट-कव्हरच्या शिलाईचे रंगीत दोरे चिकटले होते, आणि डोळे... डोळ्यांचं काय सांगायचं! नुसते हसत होते मेले.

"अब्बांच्या हाताला टाके पडलेत. जखमेच्या गोळ्या चालू झाल्या न् पोट पार बिघडलं. डॉक्टरांनी हे लिवलंय."

मेहकनं पांढुरक्या पाण्याच्या छोट्या बाटल्या काढल्या. "त्या गोळ्या पोटातले चांगले जंतूबी मारत्यात. ह्यात चांगल्या जंतूंची बीजं हायत, टणक कवचाची. गोळ्यांना दाद देत न्हाईत, आतड्यात जाऊन रुजतात."

"म्हंजे चिवट हायत!"

"तुमच्यासारखी. मघाशी किती वेळ गप उभं हुतासा?"

"तुम्ही वर बघायची वाट बघत हुतो की..."

मेहकचे कान तापले. चिठ्ठीवर पेशंटचं नाव नबीलाल, बिलावर तिनं त्याचं लिहिलं अझीम, फोन नंबर लिहिताना दोनदा खोडलं. "चला, बायडाबाई वाट बघत असतील," म्हणत त्यानं गाडीला किक मारली, आणि गेला कसबा बावड्याच्या दिशेनं.

आता ही कोण बायडाबाई? मेहकच्या छातीत कळ आली. ओळख ना पाळख, पण जळायला काय लागतं!

जेवून आलेल्या मालकांना, हंबीररावांना, तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बावड्याची बायडाबाई? दवाखान्यात आया हुती. आता गल्लीत सुया टोचत फिरते. का गं?"

मेहकचं तोंड पांढरं पडलं. सुया! बाटली दिसते इंजेक्शनसारखीच, आणि सुईबिगर बरं वाटत न्हाय असं मानणारी माणसं गल्लोगल्ली. जंतूंचं सगळं पुराण सांगितलं, पण 'हे प्यायचं हाय' एवढंच सांगायचं राहिलं! जिवंत जंतू थेट रक्तात गेले तर...

तिनं फोन लावला. उचलत न्हाय. परत लावला. गाडीवर असणार तो. "काका, स्कूटीची चावी द्या! बाईंची गल्ली कुठली?"

बावड्यात उसाची ट्रॉली आडवी. हॉर्न वाजवून अंगठा दुखला, ट्रॉली हलंना. शेवटी स्कूटी तिथंच लावून ती पळत सुटली. या अल्ला, थांबव त्यांना. गल्लीत शिरल्याबरोबर ओरडत विचारलं, "नबीलाल चाचांचं घर?"

दार उघडंच होतं. खाटेवर नबीलाल बाही वर करून बसलेले, बायडाबाईंच्या हातात पांढुरकं पाणी भरलेली सिरिंज, सुई दंडाला टेकलेली.

"थांबा! टोचू नका! ते प्यायचं हाय!"

बायडाबाई दचकल्या. "प्यायचं? मग बाटलीवर लिवाय नको?"

"लिहिलंय, बारीक इंग्रजीत." मेहक धापा टाकत होती. सिरिंज काढून घेतली तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. नवी बाटली हलवून तिनं वाटीभर पाण्यात ओतली आणि नबीलालांना पाजली.

अझीमच्या डोळ्यांतलं हसू पार गेलं होतं. "अब्बांचा जीव गेला असता. दुकानात सांगितलं का न्हाय?"

आता खोटं बोलता आलं असतं. गर्दी होती, विसरले... पण समोर म्हातारा माणूस वाटी धरून बसलेला. नोकरी जाईल, लोक हसतील, जाऊ दे.

"तुमच्याकडं बघत बसले... म्हणून राहिलं," ती म्हणाली. "चूक माझीच हाय."

बायडाबाईंनी तोंडाला पदर लावला.

अझीम हळूच म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं हुतं, कसं द्यायचं ते दुकानात विचार. मी... तुमच्याकडं बघूनच इसरलो."

"वा रं वा!" नबीलालांनी वाटी आपटली. "तुमची नजर एकमेकांवर, न् सुई माझ्या दंडात!"

मेहक कशीबशी दारापर्यंत आली. मागनं अझीम आला.

"राग हाय अजून?" तिनं विचारलं.

"हाय की." त्यानं बोटाला चिकटलेला दोरा सोडवला. "राग जाईपर्यंत रोज दुकानात आलो तर... चालंल?"

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर अब्बांना घिऊन तुमच्या घरी येतो."