पानाबाहेरची शितं

मला उष्ट्याची किळस आहे. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला मी संगणकाच्या चिपच्या कारखान्यात कामाला आहे, तिथे धुळीच्या एका कणानेही चिप बाद होते. दिवसभर पांढऱ्या पोशाखात, मास्क लावून वावरलं की दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीही घशाखाली उतरत नाही. माझी बायको स्नेहल याला नखरे म्हणते. म्हणो बापडी.

२०१६च्या मे महिन्यात मी एकटाच मोटरसायकलवर ग्रीसला गेलो. इटलीपर्यंत रस्त्याने, पुढे बोटीने. कोरिंथला देवळाचे उरलेले खांब पाहिले, त्यांना हात लावून आलो. बाहेरचं खाणं नको म्हणून मागच्या पेटीत गॅसची शेगडी आणि तांदूळ होते. दही मात्र तिथलं, घट्ट. दहीभात असा जमायचा की विचारू नका.

मिस्त्रास हे डोंगरउतारावरचं मध्ययुगीन गाव, आता सगळं ओसाड. छत उडालेल्या एका चर्चमध्ये, भर दुपारी, मी जेवायला बसलो. समोर लांबट दगडी कुंड होतं. जनावरांना पाणी पाजायचं असावं, असं समजून त्याच्या काठावर ताट ठेवलं. आमच्या घरी पहिल्या घासाआधी ताटाभोवती पाणी फिरवून उजवीकडे भाताची चार शितं ठेवतात, चित्राहुती. देवाधर्मावर माझा काडीचा विश्वास नाही, पण हाताला वळण लागलंय. हात फिरला.

लोणचं काढायला पिशवीकडे वळलो आणि परत पाहिलं तर शितं नव्हती. पक्ष्याने नेली म्हणावं, तर तिथला दगड नुसत्या पाण्याने ओला नव्हता. चाटल्यासारखा, चिकट, वर बारीक फेस. ताप आलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा वास येत होता. जेवण तिथेच टाकून निघालो. जाताना पाटी दिसली. ते कुंड नव्हतं, कबर होती.

एपिडाउरसच्या प्राचीन नाट्यगृहाबाहेर जेवलो, तिथेही तेच. बघत राहिलो तोवर शितं जागेवर होती. पाणी प्यायला मान वर केली, तेवढ्यात गेली.

परतीच्या बोटीवर मी हात आवरला. शितं ठेवलीच नाहीत. खिडकीबाहेर नजर टाकून पुन्हा ताटात पाहिलं. भाताची एक कड चघळून परत टाकलेली होती.

घरी आल्यावर पेटी ब्लीचने धुतली, ताट कचऱ्यात टाकलं. स्नेहलला सांगायला तोंड उघडलं की उलटी यायची. मी ओट्यापाशी उभा राहून कोरडा पाव खायला लागलो. भात तर नकोच.

पण आमची पाच वर्षांची अवनी माझ्या शेजारी बसल्याशिवाय जेवत नाही. ती वाळायला लागली. फ्रॉक खांद्यावरून घसरायचा.

"डॉक्टर म्हणाल्या, सगळे एकत्र जेवा," स्नेहल म्हणाली. "ग्रीसहून आल्यापासूनचं हे खूळ पुरे झालं आता. तुझ्यापायी पोरीचे हाल चाललेत."

रविवारी दुपारी टेबलाशी बसलो. वरणभात होता. मी पाणी फिरवलं नाही, शितं ठेवली नाहीत. ताटावरची नजर हलवली नाही. मग मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं, सायकलवरून कोणी जात होतं, आणि पुन्हा ताटात.

भात स्वच्छ होता. कोरडा.

एक घास घेतला. दुसरा घेतला. तूप, मीठ, लिंबू, सगळ्याची चव लागली. इतकं सुटल्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारी अवनीही जेवत होती. स्नेहल माझ्याकडे पाहून हसली आणि पापड भाजायला उठली.

मग लक्षात आलं, अवनी डाव्या हाताने जेवतेय. उजवा हात टेबलाखाली होता.

"अवनी, उजव्या हाताने जेव."

"थांब, बाबा," ती हळूच म्हणाली. "तो अजून जेवतोय."

"कोण?"

तिने टेबलाखाली पाहिलं.

"हात वर काढ."

तिने काढला. बोटं पांढरी, सुरकुतलेली, टोकांशी फेस. मधल्या बोटाला एक शीत चिकटलं होतं.

तो हात तिने माझ्यापुढे धरला. धुऊन दे, म्हणून.

मी खुर्ची मागे सरकवली. माझ्याच्याने त्या हाताला शिववेना.

अवनीने थोडा वेळ वाट पाहिली. मग हात पुन्हा टेबलाखाली नेला.