केसांचं कुंपण

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझा मामा बाकी कशाबद्दल थापा मारेल, पण मामीबद्दल कधीच मारणार नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मामाचं केस कापायचं दुकान आहे. घर वस्तीच्या टोकाला, मागे रान. स्वयंपाकघराच्या दारापासून तारेच्या कुंपणापर्यंत मामीची वांगी, बटाटे आणि दुधीचा वेल. रानडुकरं यायची आणि सगळं उकरून वाट लावायची.

मामाकडे हुकमी इलाज होता. दुकानात झाडलेले केस पोत्यात भरून आणायचे आणि कुंपणाच्या कडेने पसरायचे. माणसाच्या वासाने जनावर बिचकतं.

"अख्ख्या गावाची डोकी माझ्या वांग्यांना," मामी म्हणायची. "तरी वांग्यांना अक्कल येत नाही."

त्या आठवड्यात मामा तापाने पडला. दुकान बंद, केस नाहीत. उठून बसतो तोच शवागारातून बोलावणं आलं. एका मेलेल्याची दाढी-केस नीट करायचे होते.

गोदामाचा राखणदार होता तो. चोरांनी दगडांनी ठेचलेला. मरता मरता त्यानेही दोघांना काठीने लोळवलं होतं.

"भिंतीवरून आत आलेल्याला त्याने कधी सोडलं नाही," त्याचा भाऊ म्हणाला.

राठ केस. रक्ताने चिकटलेले. टाकून कशाला द्यायचे, म्हणून मामाने ते पिशवीत घातले आणि घरी येऊन कुंपणाशी पसरले.

दुसऱ्या दिवशी, उजाडताना...

ठक... ठक...

जमिनीवर काठी आपटल्यासारखं. मग डुकराची किंकाळी. मग काहीच नाही.

मामाने दार उघडलं. कुंपणाच्या आत रानडुक्कर पडलं होतं. कवटी फुटलेली, चारही पाय मोडलेले. ओल्या मातीत माणसाचं एकही पाऊल नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा कुत्रा. त्याला तर फावड्याने गोळा करावं लागलं.

मामाला त्या राखणदाराचे केस आठवले. तो मातीतून केस वेचायला बसला. पण मातीत कालवलेले केस परत निघतात थोडेच?

"तू मळ्यात पाऊल टाकू नकोस," तो मामीला म्हणाला.

"मी रोज पाणी घालते की. घरातून जाणाऱ्याला काही होत नाही," मामी म्हणाली. "तुम्ही उगाच घाबरता."

ते खरंच होतं.

त्या दिवशी भर दुपारी मामी बाजार करून मागच्या वाटेने आली. तारेच्या आत, हाताशी, एक कोवळा दुधी लोंबत होता. मामा आत केस वेचत होता. त्याची मान खाली होती.

तिने तारेवरून हात घातला...

ठक.

मनगट मोडल्याचा आवाज मामाने ऐकला. तो धावला. तिचा दुसरा हात धरला. आणि घाबरलेला माणूस जे करेल तेच त्याने केलं. तिला आपल्याकडे ओढलं.

कुंपणावरून. आत.

मामा तिच्यावर आडवा पडला होता. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. घाव त्याच्या खाली पडत होते... एकेक हाड मोडलेलं त्याला पोटाशी कळत होतं.

पोलिसांनी आधी त्यालाच धरलं. काठी सापडेना, मग सोडलं.

"बाहेर ढकललं असतं तर वाचली असती," एवढंच तो म्हणतो.

शवागारात मामीचे केस मामानेच विंचरले. थोडे कापून घेतले.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. मळा हिरवागार होता. एका पानाला कुणी तोंड लावलेलं नव्हतं. मी घरात शिरणार, इतक्यात मामाने आतून हात वर केला.

"तिथेच थांब."

मी खाली बघितलं. उंबऱ्याच्या कडेने लांब, काळे केस पसरलेले होते.

"आधी तिला सांगू दे," मामा हळूच म्हणाला, "तू आपला आहेस म्हणून."

स्वयंपाकघरात कुणीतरी भांडं खाली ठेवलं...

मामा घरात एकटाच राहतो. मी तसाच मागे फिरलो, आणि अजून त्या घरात गेलेलो नाही.