पाणी बरं आहे ना?

बसा, जवळ बसा. दिवा राहू दे तसाच. तुम्ही दोघं उद्यापासून तळ्यातल्या पंपघरावर रात्रपाळीला लागताय, म्हणून सांगतोय; नाहीतर ही गोष्ट मी घराबाहेर काढली नव्हती. ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्याची आहे, बायकोच्या धाकट्या भावाची. त्या पंपघरावर त्याने सतरा वर्षं काढली. खोटं बोलणारा माणूस नाही तो. एक बाब सोडून. आणि त्या एका बाबीवरच सगळं आहे.

गेल्या वर्षीची अकरा मार्च. मंगळवार. रात्री पावणेदहाला जेवून, सायकलवर टांग मारून तो निघाला. काम नेहमीचंच. सकाळी तपासणीला पाठवायची पाण्याची बाटली भरून ठेवायची आणि रात्रभर पंप सांभाळायचा. जागा तुम्ही पाहिलीच आहे: तळ्यात बांधलेली गोल विहीर, तिच्यावर खोली, काठापासून तिथवर अरुंद लोखंडी पूल. खोलीच्या फरशीत लोखंडी झाकण, झाकणाखाली उभी शिडी.

तळं तेव्हा पुरतं बिघडलेलं होतं. वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी रात्री नाल्यातून खाली उतरायचं. हिरवी साय धरायची, मेलेले मासे काठाला लागायचे, वारा फिरला की लोक खिडक्या लावून घ्यायचे. तेच पाणी गावच्या नळाला. पण कागदावर स्वच्छ. कारण बाटली तळ्यातून भरायचीच नाही, असं वरून सांगणं होतं. मेहुणा ती ऑफिसातल्या फिल्टरच्या नळाला लावायचा. दोन मुलींचा बाप. नोकरी टिकवायची तर तोंडाला कुलूप हवं, असं त्याचं म्हणणं. मीही त्याला कधी टोकलं नाही, हे कबूल करतो.

आता मास्तरांचं सांगतो. पोहायला शिकवायचे. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली तरंगायला शिकलं, मेहुणासुद्धा. सत्तरी उलटली तरी रोज पहाटे तळ्याला एक फेरी मारायचे. अंगाला खाज सुटायला लागली, तसे एकदा पुलावर येऊन त्याला म्हणाले, "तू आतला माणूस, म्हणून विचारतो. पाणी बरं आहे ना रे?"

"बरं आहे, मास्तर. रिपोर्ट तसा आहे," हा म्हणाला.

मास्तर पोहत राहिले. पुढे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. जानेवारीत गेले.

काय म्हणालास? पाण्यानेच का? डॉक्टरांनी तसं काही लिहून दिलं नाही. मेहुण्याला मात्र लिहून द्यायची गरज नव्हती.

तर त्या रात्री, बाराला दहा कमी असताना, पंपाचा आवाज बदलला. कोरडा, घरघरणारा. तळ्यातून पाणी आत येतं तिथे जाळी आहे. तिच्यात शेवाळ अडकलं की विहीर रिकामी होत जाते आणि पंप हवा ओढतो. त्याने पंप बंद केला, टॉर्च घेतला, झाकण उघडून भिंतीच्या आकड्याला अडकवलं आणि खाली उतरला. फोन वर टेबलावरच राहिला. गजाने ओढून ओढून त्याने जाळी मोकळी केली. पाणी आत यायला लागलं.

तेवढ्यात वरचा आकडा निसटला. झाकण धाडकन बसलं आणि धक्क्याने वरची कडीही लागली.

शिडी चढून त्याने खांदा लावला. पाठ लावली. हाका मारल्या. गोल भिंतीत आपलीच हाक परत कानात. काठ दोनशे पावलांवर, आणि काठावर त्या वेळी कुत्रंही नसतं.

तरी तो घाबरला नाही. पाणी चढणार, पण तळ्याच्या पातळीइतकंच. भिंतीवर तिथे पांढरी रेघ आहे. रेघेच्या वर दोन पायऱ्या बसून राहायचं. सहाला दुसरी पाळी येईल. तो बसला. पाणी रेघेला येऊन थांबलं. टॉर्च मंद होत होत गेला.

मग खाली कुणीतरी पोहायला लागलं.

मासा नव्हता. माशाला ठेका नसतो. एक हात... दुसरा हात... श्वास. भिंत धरून, गोल. एक फेरी. दुसरी. हा शिडीला बिलगून.

ठेका थांबला. अगदी त्याच्या पायाखाली.

"पाणी बरं आहे ना रे?"

तोंडातून सवयीने निघून गेलं, "बरं आहे, मास्तर."

पाणी चढलं. रेघेच्या वर. तळं तिथवर कधीच येत नाही... पण घोटे भिजले.

पुन्हा फेऱ्या. एक हात... दुसरा हात... श्वास.

"बरं आहे ना?"

"रिपोर्ट... रिपोर्ट तसा आहे."

गुडघे. मग कंबर. तो चढत गेला. डोकं झाकणाला टेकलं. वर लोखंड. खाली पाणी. त्याचा वास... तो वास त्याला सतरा वर्षं माहीत होता. छाती. गळा.

तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

नुसता श्वास. गालाशी.

"नाही," तो म्हणाला. "वाईट आहे. मला माहीत होतं, मास्तर. मी तुम्हाला... मला माहीत होतं."

मग पाणी उतरायला लागलं. पार रेघेपर्यंत...

पहाटे दुसऱ्या पाळीच्या माणसाला तो शिडीवर सापडला, बोटं पायरीत अडकलेली. सोडवायला दोघं लागले. गळ्यापर्यंत चिंब.

त्याच सकाळी त्याने, ओल्याच कपड्यांनी, तळ्यातून बाटली भरली आणि बसने दुसऱ्या शहरातल्या तपासणीला नेऊन दिली. रिपोर्ट पेपरात छापून आला. पंपघर बंद झालं, गावाला टँकर लागले. त्याची बदली भंगाराच्या गोदामावर. तक्रार नाही त्याची. जेवतो, झोपतो. फक्त मुलींना पाणी देताना पेला उजेडाकडे धरतो.

आता नाला अडवलाय म्हणतात, पंप परत सुरू होणार. म्हणून तुमच्या कानावर घातलं.

एक राहिलं. विहीर उपसली तेव्हा जुना फिटर म्हणून मला बोलावलं होतं. मी उतरलो. पांढऱ्या रेघेच्या वर, पार झाकणापर्यंत, भिंतीवर तळव्यांचे ठसे होते. हिरवे. गोल, सगळीकडून. मला वाटलं, मास्तरांचे. म्हणून एकावर हात ठेवून पाहिला.

तो माझ्या तळव्याच्या आत मावला. दुसराही. सगळेच... लहान मुलांचे.

या तळ्यात आजवर एकही मूल बुडालेलं नाही. नळाचं पाणी मात्र सगळीच प्यायली.