वाळूवाल्याचं अडलेलं गणित

"अहो, कॉफी बटण दाबल्यावर येते. कपाळ टेकून नाही येत."

तो दचकला. कपाळावर मशीनच्या जाळीचा ठसा उमटला होता, आणि मला हसू आवरेना.

"सॉरी... विचार करत होतो."

"मशीनला टेकून?"

"ते निदान गरम तरी आहे. माझं गणित थंड पडलंय."

लाटांबरोबर किनाऱ्याची वाळू कुठे सरकते, याचं तो आमच्या संशोधन संस्थेत गणित करायचा. म्हणून माझ्यासाठी तो वाळूवाला. मी त्याच संस्थेच्या संगणक विभागात नवी, अजून कायमसुद्धा झाले नव्हते. सर्व्हरच्या फायरवॉल बघायचं काम माझं — कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच वाटेला लावायचं. तो मला दारवान म्हणायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चांगलं सुनावलं असतं. तो म्हणाला की मी आपली हसायचे. काय म्हणावं आता!

मग रोज चारला कॉफी. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

"चोवीस सर्व्हर मिळून एकच गणित सोडवतात," तो टेबलावर साखर सांडून किनारा काढायचा. "प्रत्येकाकडे एक तुकडा. मग सारखं शेजाऱ्याला विचारायचं — तुझ्याकडून किती वाळू आली? ... लक्ष आहे का?"

"आहे की."

"मग सांग, सातवा कुणाला विचारेल?"

"...आठव्याला?"

"चुकून बरोबर आलं."

लक्ष होतं हो. फक्त साखरेकडे नव्हतं, त्याच्या बोटांकडे होतं.

दहा-अकरा दिवस असेच गेले. मग एका गुरुवारी त्याने कॉफी नुसतीच समोर ठेवली. खिडकीवर पाऊस बारीक टिचक्या मारत होता.

"अजून अडलेलंच आहे," तो म्हणाला. "सुरू होतं आणि बसून राहतं. चूकसुद्धा दाखवत नाही. खोट माझ्यातच आहे. उद्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगतो, संशोधन सोडतोय म्हणून. भावोजींना टाइल्सच्या दुकानात माणूस हवाच आहे."

मी कप खाली ठेवला.

"वेडा आहेस का? कधीपासून अडलंय नक्की?"

"चौदा तारखेपासून."

तेरा तारखेला मी चोवीसही सर्व्हरवर नवी फायरवॉल चढवली होती.

काहीतरी कारण सांगून उठले आणि माझ्या टेबलाशी येऊन फायरवॉलच्या नोंदी उघडल्या. सातवा सर्व्हर आठव्याला हाक मारतोय, आणि माझी फायरवॉल त्याला अडवतेय. अशा हजारो ओळी. गणित सुरू होतंय म्हणजे रस्ता मोकळाच असणार, अशी माझी पक्की समजूत! पण सुरुवात एका ठरलेल्या दारातून व्हायची, आणि पुढचं बोलणं दर वेळी वेगळ्याच दारातून. ती सगळी दारं मी बंद केली होती. वर हुकूम असा, की अनोळखी हाकेला उत्तरच द्यायचं नाही. बिचारे सर्व्हर वाट बघत बसले होते. आणि तो स्वतःला दोष देत.

दहा मिनिटांत गुपचूप दुरुस्त झालं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. गणित चाललं असतं, त्याने आनंदाने मलाच कॉफी पाजली असती. खोटं कशाला बोलू, हात कीबोर्डवर गेलाही होता.

पण मी जिना चढून त्याच्या खोलीत गेले.

"खोट तुझ्यात नाहीये. माझ्यात आहे." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"इतके दिवस मी स्वतःला मूर्ख समजतोय. तेही तुझ्यासमोर बसून."

"मला आत्ताच कळलं रे... शप्पथ."

"दुरुस्त कर," तो एवढंच म्हणाला.

मी त्याच्या गणिताला दारांचे हजार नंबर ठरवून दिले, ते फक्त या चोवीस जणांपुरते उघडले, बाहेरच्यांना होती तशीच बंदी. पडद्यावर आकडे धावायला लागले. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

आमच्या विभागाच्या साहेबांना मी लेखी कळवलं. त्यांनी मला कायम करणं तीन महिने पुढे ढकललं. ते गेलं चुलीत. आठवडाभर चार वाजता तो आला नाही, ते मात्र सोसवेना.

आठव्या दिवशी तो जिन्यात भेटला. हातात कागदांची चळत, दाढी वाढलेली.

"गणित संपलं. मॅडम खूश आहेत," तो म्हणाला. "मी अजून रागावलोय."

"बरं."

"नोंदी वाचल्या मी. गुपचूप करता आलं असतं तुला. मग सांगितलंस कशाला?"

"कारण उद्या पुन्हा काही अडलं असतं, तर तू पुन्हा स्वतःलाच दोष दिला असतास," मी म्हणाले. "आणि ते मला बघवणार नाही. ...तू आवडतोस मला. झालं समाधान?"

तो एक पायरी खाली आला. मग अजून एक.

"ताईला फोन केला होता, दुकानात येत नाही म्हणून. सगळं ऐकलं आणि म्हणाली, जी स्वतःची नोकरी पणाला लावून तुझ्याशी खरं बोलली, तिच्याशी तू आठ दिवस बोलला नाहीस? गाढवा!"

"मग? काय म्हणालास?"

"म्हटलं, फोन ठेव. तिला शोधायला निघालोय."