कानातला दादा

"मला कंटाळा आलाय तुझा!"

जेवता जेवता दादाच्या तोंडून हे शब्द बाहेर पडले, तसा आईचा डाव पातेल्यातच राहिला, आणि समोर बसलेली त्याची धाकटी बहीण, जिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत, घास तोंडाशी नेता नेता थांबली.

"काय म्हणालास?"

"ऐकू आलं ना? उद्यापासून मी ट्रॅकवर येणार नाही. तुझं ते प्रशिक्षण, तुझ्या त्या गाड्या, तुझं तू बघ. तुझ्यापायी मी माझी गाडी सोडली, माझं सगळं सोडलं. अजून किती दिवस तुझ्या मागे मागे हिंडू? मलाही माझं आयुष्य आहे!"

हे सगळं त्यानं दुपारभर घोकून ठेवलं होतं. तरीही 'माझी गाडी' म्हणताना त्याचा आवाज चिरकला, आणि भिंगरीला तो संताप वाटला. बरंच झालं म्हणायचं! तिनं ताट बाजूला सारलं, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आतल्या खोलीत गेली. आत दार आपटलं, तरी तो खाली मान घालून जेवत राहिला. त्या जेवणाला चव होती की नव्हती, देव जाणे.

घरात शर्यतीची गाडी एकच, आणि वेड मात्र दोघांना. वडील लवकर गेले होते. दादा वेगवान होता, लोक त्याचं नाव घेऊ लागले होते. पण एके दिवशी त्यानं गंमत म्हणून धाकटीला गाडीत बसवलं आणि ती जीभ बाहेर काढून, खिदळत, असं काही वळण घेऊन आली की तो पाहतच राहिला. त्यानंतर तो त्या गाडीत बसला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझं पोट सुटलंय, सीट पुरत नाही." पोट कसलं सुटलंय? काडी होता नुसता!

मग तो तिच्या कानात जाऊन बसला. भिंगरीच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर, दादाच्या हातात वायरलेस. प्रत्येक वळणाआधी तो म्हणायचा, "थांब… थांब… आता!" त्या 'आता'वर भिंगरीचा पाय ब्रेकवर पडायचा. लहान गाड्यांच्या शर्यती तिनं अशाच जिंकल्या, आणि सतराव्या वर्षी मोठ्या गाड्यांच्या प्रशिक्षण शिबिरात तिची निवड झाली. शिबिराच्या शेवटी जे उत्तम ठरतील, त्यांना खऱ्याखुऱ्या संघात जागा मिळायची होती. दादाचा ऊर अभिमानानं भरून आला होता!

आणि जेवणावरच्या त्या भांडणाच्याच दिवशी, सकाळी, एका वेगवान वळणाआधी, दादाला ठसका लागला.

'आता' म्हणायला उशीर झाला. गाडी सरळ सुटली, वळणाबाहेरच्या खडीत घुसली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. तो जीव मुठीत धरून धावला. भिंगरी धडधाकट बाहेर आली आणि त्याच्यावरच खेकसली, "बोलला का नाहीस? तू बोललाच नाहीस!"

शिबिराच्या मुख्य प्रशिक्षिका जवळच उभ्या होत्या. सगळी पोरं त्यांना मॅडम म्हणत आणि घाबरत. त्यांनी वायरलेस बंद करून भिंगरीला पुन्हा पाठवलं. ती रखडत रखडत फेरी मारून आली, आणि प्रत्येक वळणावर तिचं हेल्मेट कुंपणाकडे वळत होतं… दादा कुठे दिसतो का, तो हात वर करतो का, ते शोधत!

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. "गाडी ती चालवते, पण वळणं तू घेतोस. तिच्यात आग आहे, डोळे मात्र तुझे आहेत. मोठ्या गाडीत अशानं ती मरेल."

"मी बोलणार नाही. कोपऱ्यात उभा राहीन."

"तू दिसलास तरी ती शोधेल. तिला खरं सांगून बघ."

सांगून काय होणार, हे दादाला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणायचीच, तू नसशील तर मी गाडीला हातही लावणार नाही. लाडानं नव्हे, खरंच म्हणायची! प्रेमानं ती सुटणार नव्हती. तेव्हा तिला तोडायचंच, आणि तेही असं की तिनं मागे वळून पाहू नये. "तिला कधी सांगू नका," एवढंच तो मॅडमना म्हणाला.

भिंगरी दुसऱ्या दिवसापासून एकटी गेली. रागानं पेटून गाडी चालवू लागली, आणि शिबिर संपलं तेव्हा तिचं नाव सगळ्यांच्या वर होतं. संघाबरोबर ती दूरच्या शहरी निघून गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली, दादाशी चकार शब्द बोलली नाही. तो एका गॅरेजमध्ये कामाला लागला, आणि तिच्या शर्यतींच्या बातम्या तिथल्या टीव्हीवर, पाना हातात धरून, बघू लागला.

आई मात्र धुमसत होती. "बहिणीचं बरं झालेलं बघवत नाही तुला! पोटचं पोर असं जळकं निघेल, हे बघायला जगले का रे मी?"

कितीदा त्याच्या ओठांवर आलं, आई, अगं तसं नाही… पण आईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. तिला सांगितलं की संध्याकाळच्या फोनवर ते भिंगरीला कळणार, आणि भिंगरी सगळं टाकून धावत येणार. तो मूग गिळून राहिला. पुढे आईनं अंथरूण धरलं. त्यानंच तिला पाणी पाजलं, कूस बदलवली, रात्ररात्र पाय चेपले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आई गेली ती त्याच्यावर रुसूनच गेली! भिंगरी आली, परक्यासारखी एका कडेला उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघता परत गेली. त्या दिवशी दादाचं अंतःकरण विदीर्ण झालं. तरी तो बोलला नाही.

काही वर्षं गेली. एका दुपारी तो एका गाडीखाली आडवा झोपून काम करत होता, आणि बाजूला कुणाचे तरी बूट येऊन थांबले.

"बाहेर ये."

तो आवाज! दादा बाहेर आला. भिंगरी उभी होती, रडून रडून डोळे सुजलेले.

"शिबिरात बोलावलं होतं मला. नव्या पोरींना शिकवायला," ती म्हणाली. "एका पोरीच्या कानात मी बोलत होते. थांब, थांब, आता… तुझंच सगळं, तुझ्याच चालीत. पोरगी काय झकास पळत होती! तेवढ्यात मॅडमनी माझ्या हातातला वायरलेस काढून घेतला. म्हणाल्या, आता गप्प बस, नाहीतर ती कधीच बघायला शिकणार नाही. आणि पहिल्याच वळणावर ती चुकली रे दादा… मला दिसत होतं ती चुकणार आहे, आणि मला बोलता येत नव्हतं! माझा जीव नुसता घुसमटला. तेव्हा कळलं मला, तू त्या रात्री तसं का बोललास ते. मॅडमना विचारलं, तर त्यांनी फक्त मान खाली घातली."

दादा हाताचं काळं तेल पुसत राहिला. ते निघत नव्हतं.

"आईला तरी सांगायचंस!" भिंगरीनं हंबरडाच फोडला. "ती तुला काय काय बोलत गेली… मीसुद्धा! मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्या दिवशी!"

"तू पुढे गेलीस ना," तो एवढंच म्हणाला. "आईला… आईला सांगायला हवं होतं. तेवढं चुकलंच माझं." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मोठ्या माणसानं रडू नये तसा रडला. तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, तेल लागेल याची पर्वा न करता.

गॅरेजच्या मालकानं न मागताच त्याला सुट्टी दिली. भिंगरी म्हणाली, "चल, घरी सोडते तुला." तो तिच्या साध्या गाडीत, तिच्या शेजारी बसला. आजवर तो तिच्या कानात होता. शेजारी असा कधी बसलाच नव्हता. पहिलं वळण आलं. त्याचे ओठ हलले. त्यानं ते घट्ट मिटले. भिंगरीनं वळण घेतलं, सहज, बोलता बोलता घ्यावं तसं… आणि तिला त्याच्या 'आता'ची काही गरज उरलेली नाही, हे त्यानं पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. याचसाठी तर सगळा अट्टहास केला होता! मग त्याचा हात वायरलेस धरल्यासारखा का मिटला होता?

"बोल ना दादा," रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "वळणाचं नको. दुसरं काहीतरी बोल."

दुसरं काय बोलायचं? तो आठवू लागला. लहानपणापासून दोघांत बोलणं झालं होतं ते ब्रेकचं, टायरचं, वळणांचं. तिला काय आवडतं, कोण मैत्रिणी आहेत, परक्या गावात एकटीला करमतं का, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. मग तो अवघडून म्हणाला,

"जेवलीस का गं?"

"नाही," भिंगरी म्हणाली, आणि तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली, कारण तिला समोरचं काही दिसत नव्हतं.