उसनं शून्य

दार वाजलं तेव्हा भाऊजी शब्दकोड्यातल्या शेवटच्या शब्दावर अडून बसले होते. वहिनींना तो दहा मिनिटांपूर्वीच सुटला होता. त्या सांगत नव्हत्या, इतकंच.

आलेली मुलगी तिशीच्या आतबाहेरची होती. खांद्याला नकाशे ठेवायची लांब नळी. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि एका दमात म्हणाली, "आज पाच वाजता माझ्या काकांना पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत. सख्खे नाहीत ते, बाबांचे मित्र. पण मला दुसरं कुणी नाही."

"काय चोरलं म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"एक नकाशा."

वहिनींनी अठ्ठावीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक घरी यायला लागले. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, बँकेतून निवृत्त. भाऊ गेल्यापासून दोघं एकाच घरात होते, कारण भांडायला आता एकमेकांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मुलगी नव्या नगरपालिकेची नगररचनाकार होती. ओढ्याच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड न बघणारी ही गावं सरकारनं एका सहीत एक करून टाकली. दोन्हींचे जुने नकाशे, बत्तीस शीटं, जोडून एकच नकाशा करायचा आणि त्यावर ठरवायचं की घरं कुठं, बाजार कुठं, शाळा कुठं. तो आराखडा उद्या अकरा वाजता लोकांपुढं लागायचा होता.

"जुनी शीटं वाचता येणारे एकच उरलेत," ती म्हणाली. "आमचे आरेखक. मोजणीदार रानातून पेन्सिलीनं आकडे आणि रेघा आणतो, आरेखक त्यावर शाई चढवतो. दोन्ही गावांच्या शीटांवर चाळीस वर्षं तेच केलं त्यांनी. सगळे शाईकाका म्हणतात. मीच त्यांना निवृत्तीतून परत बोलावलं."

"आणि हरवलं ते शीट?"

"सात नंबर. पलीकडच्या गावची ओढ्याकाठची पट्टी." तिनं नळी मांडीवर घेतली. "अठरा वर्षांपूर्वी पूर आला. त्या पट्टीतली बारा घरं गेली. एक आमचं. बाबा मला शाळेतून आणायला गेले होते. आई घरात होती."

भाऊजींनी पेन्सिल खाली ठेवली.

"दोन वर्षांनी बाबाही गेले. जुन्या नकाशात ती जागा पूररेषेच्या बाहेर दाखवली होती. कोरडी. म्हणून तर लोकांनी घरं बांधली. चूक कुणाची, ते मी अहवालात नावानिशी लिहिणार होते. सगळ्या ऑफिसला तसं सांगितलंही होतं. शुक्रवारी शीट काढायला गेले, तर कपाटात सहानंतर एकदम आठ."

"वडील काय करायचे?"

"मोजणीदार होते. घर पलीकडं बांधलं, पण नोकरी अलीकडच्या गावची, सात नंबरशी त्यांचा संबंध नाही. त्यांचं काम मी झोपेतही ओळखेन. प्रत्येक आकड्याजवळ बारीक त्रिकोण आणि त्रिकोणात टिंब. माझ्या शाळेच्या डब्यावरसुद्धा काढायचे."

"शोधलं कुठं कुठं?"

"कपाटं, माळा, काकांचं घर. सगळं पालथं घातलं."

"काका काय म्हणतात?"

"हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत."

वहिनी उठल्या. "भाऊजी, चप्पल घाला. आणि तो शब्द 'कासावीस' आहे."

नकाशा विभाग म्हणजे एक लांब खोली होती, भिंतभर कपाटं आणि खिडकीशी चार मोठी टेबलं. तिन्हींवर तपकिरी कागद ताणलेला. चौथ्यावर पांढरट जाड कागद, चारी कडांना चिकटपट्टी लावून बसवलेला. त्यावर काही नव्हतं. त्याच्यामागे शाईकाका बसले होते, हात मांडीवर. नखांत जन्माची काळी शाई.

समोरच्या भिंतीवर नवा आराखडा लावलेला होता. घरांची जागा पिवळी, बागेची हिरवी. ओढ्याकाठची पट्टी सगळी हिरवी होती आणि तिच्यामागून निळी पूररेषा गेली होती.

संगणकावर नकाशे चढवणाऱ्या बाई आधी बोलल्या. त्यांना बोलायला निमित्तच हवं होतं.

"जीव गेला हो माझा! शीटांना मागून कापड चिकटवलेलं, धागे लोंबतात, ते मशीनमध्ये अडकतात. त्यात दोन गावांची दोन शून्यं."

"म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"जमिनीची उंची कुठून तरी मोजायची ना? अलीकडच्यांनी पाण्याच्या टाकीची पायरी धरली शून्य, पलीकडच्यांनी पुलाचा दगड. टाकीची पायरी दगडापेक्षा चार फूट खाली. एकमेकांना विचारतील तर कमीपणा येईल ना यांना!"

"सात नंबर तुम्ही मशीनमध्ये घातलं?" वहिनींनी विचारलं.

"नाही. काकांनी त्याचे आकडे हातानं उतरवून दिले. मंगळवारी. म्हणाले, ते शीट फार जीर्ण झालंय."

तेवढ्यात दारात मोठा आवाज आला. पलीकडच्या गावचे माजी अध्यक्ष. आत येताच त्यांनी भिंतीवरच्या हिरव्या पट्टीवर बोट आपटलं. "माझी जागा आहे ही, आणि इथं बाग? सात नंबर आणा! त्यात ही जागा कोरडी आहे, मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर गायब केलं!"

"त्या शीटाची मोजणी कुणी केली होती?" वहिनींनी विचारलं.

"तीस वर्षं झाली, बाई. त्या साली आमच्या मोजणीदाराचा पाय मोडला होता. अलीकडचा एक माणूस उसना आणून पंधरा दिवसांत उरकली. त्याचा चेहरा कोण लक्षात ठेवतंय?"

ते गेल्यावर भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "चोराच्या उलट्या बोंबा! यांनीच नेलंय."

"भाऊजी, तुमचं डोकं बँकेच्या तिजोरीसारखं आहे. उघडायला दोन किल्ल्या लागतात. दुसरी अजून यायचीय."

संगणकवाल्या बाईंनी चहा आणला. भाऊजी आपला ग्लास समोरच्या रिकाम्या टेबलावर ठेवणार, तोच शाईकाकांनी त्यांचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या मानानं पकड घट्ट होती.

"टेबलावर नको."

"अगंबाई!" बाई हसल्या. "गेल्या आठवड्यापर्यंत तुमच्याच टेबलावर चहाचे गोल होते, काका. मोजले असते तर नोकरीची वर्षं निघाली असती."

"नवा कागद घातलाय," काका पुटपुटले.

भाऊजी ओशाळून मागे सरकले. बाहीचं बटण टेबलाच्या कडेला एका धाग्यात अडकलं होतं, ते त्यांनी सोडवलं.

वहिनी काकांच्या समोर बसल्या. "पाच वाजता पोलीस येतील. भीती नाही वाटत?"

"या वयात कसली भीती."

"काका, बाबा असते तर त्यांनी हे होऊ दिलं असतं का?" मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "तुमच्यासाठी भांडले असते ते."

इतका वेळ स्वस्थ असलेले काकांचे हात थरथरायला लागले. त्यांनी ते टेबलाखाली नेले.

वहिनींनी नव्या आराखड्याची एक प्रत मागून घेतली आणि भाऊजींना घेऊन त्या ओढ्यावर गेल्या. पुलाच्या दगडावर कोरलेली खूण होती. पलीकडे ओसाड पट्टी, गवतात बुडालेले बारा चौथरे. पट्टीच्या मागच्या बाजूला एक बंद पंपघर होतं, त्याच्या भिंतीवर घोट्याच्या उंचीला कुणीतरी लाल रेघ ओढून पुराची तारीख लिहिली होती.

वहिनींनी प्रत उघडली. नवी निळी रेषा पंपघराच्या पाठीमागून गेली होती, पाणी थांबलं तिथूनच.

"म्हणजे नवा नकाशा बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "मग बिघडलं कुठं?"

"तेच तर. जुन्या शीटात ही जागा कोरडी होती म्हणतात. त्याच शीटावरून उतरवलेले आकडे बरोबर कसे निघाले?"

भाऊजी पुन्हा प्रतीवर वाकले. वहिनी मात्र एका चौथऱ्याच्या पायरीवर टेकल्या. खोटे दावे पकडताना त्यांचा चेहरा उजळायचा. आज तो उतरला होता.

"काय झालं, वहिनी?"

"उत्तर सापडलं, भाऊजी. द्यावंसं वाटत नाही."

साडेचारला नकाशा विभागात चौघंच होते. वहिनींनी दार लावून घेतलं.

त्या काही बोलायच्या आत शाईकाका उठून उभे राहिले. "मीच नेलं. लिहून देतो. पोलीस बोलवा. पण पुढं बोलू नका, बाई. हात जोडतो."

वहिनी मुलीकडे वळल्या. "तुम्ही मला एक प्रश्न घेऊन आलात. त्याचं उत्तर अर्धं देता येत नाही. ऐकायचं नसेल तर आत्ता सांगा, मी घरी जाते."

"काका तुरुंगात जाणार आणि मी कानात बोळे घालू? बोला."

"मग बसा." वहिनींनी स्वतःही खुर्ची ओढली. "अध्यक्षांना शीट हवं होतं. त्यांचं सगळं भांडणच त्याच्या जोरावर, ते कशाला लपवतील? संगणकवाल्या बाईंनी ते पाहिलंच नाही. तुम्ही तर शोधतच होता. उरले काका. सगळ्यांना वाटलं, जुनी चूक यांची, म्हणून यांनी लपवलं. पण आरेखक फक्त शाई करतो. आकडे मोजणीदाराचे. मग काकांनी स्वतःच्या अंगावर चोरीचा आळ का घ्यावा?"

शाईकाकांनी मान खाली घातली.

"दोन गावांची दोन शून्यं. जो टाकीच्या पायरीपासून मोजतो त्याला जमीन चार फूट जास्त उंच दिसते. पलीकडची पूरपातळी, समजा, वीस फूट. तिथली अठरा फुटांवरची जमीन बुडणारच. पण कुणी अलीकडचं शून्य घेऊन मोजायला गेलं, तर तीच जमीन बावीस फूट भरते. कागदावर कोरडी. आणि असा अलीकडचा एक माणूस त्या साली तिथं उसना गेला होता."

मुलीचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"काकांना हे ठाऊक होतं. म्हणून नवे आकडे देताना त्यांनी प्रत्येक आकड्यातून गुपचूप चार फूट वजा केले. माणसं परत बुडू नयेत म्हणून नकाशा दुरुस्त केला, आणि मित्राचं नाव बुडू नये म्हणून शीट लपवलं."

"कुठं?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही चहा ठेवणार होता तिथं. कागद नवा असता तर चहाची एवढी धास्ती कशाला? आणि साध्या कागदाच्या कडेला कापडाचे धागे नसतात, भाऊजी; वर दिसतेय ती शीटाची कापड लावलेली पाठ आहे. तुमच्या बटणाला ते माझ्या आधी कळलं." त्या काकांकडे वळल्या. "चिकटपट्टी तुम्ही काढता की मी काढू?"

शाईकाकांनी नखानं पट्टी सोडवली. सावकाश, एकेक बाजू करत. मग शीट उलटं केलं.

पिवळा पडलेला कागद. काळ्या शाईत ओढा, पूल, पूररेषा. आणि उजव्या समासात पेन्सिलीचे पुसट आकडे. प्रत्येक आकड्याजवळ बारीक त्रिकोण, त्रिकोणात टिंब.

मुलीनं त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून राहिली.

"फाडायला घेतलं होतं," काका म्हणाले. "दोनदा. हात धजला नाही. नकाशा आहे, आणि त्याचं अक्षर आहे."

"बाबांना माहीत होतं?"

काकांनी निघालेल्या चिकटपट्टीची गुंडाळी केली. "पुरानंतर महिन्याभरानं आला. हे शीट मागितलं. याच टेबलावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसला. जाताना म्हणाला, 'माझं शून्य मी इकडून घेऊन गेलो रे.' त्यानंतर मोजणीची साखळी त्यानं कधी हातात धरली नाही. शेवटी आजारपणात म्हणाला, पोरीला कळू देऊ नकोस. मी शब्द दिला होता."

"आई त्यांच्या आकड्यामुळं—"

"पोरी, त्यानं स्वतः मोजलेल्या जमिनीवर स्वतःचं घर बांधलं. मुद्दाम खोटं मोजणारा माणूस बायकोला तिथं ठेवील का? चुकला तो. सवयीनं चुकला. माणूस सवयीनंच चुकतो."

आता मुलगी रडली. आवाज न करता, कागदावर पाणी पडू नये म्हणून तोंड फिरवून. नकाशावाल्यांची लेक होती ती. खिडकीबाहेर बघणाऱ्या वहिनींनी दोनदा चष्मा पुसला.

पाच वाजता नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. मुलीनं तो घेतला. "शीट सापडलं, साहेब. टेबलावरच होतं. नाही, चोरी नाही. उद्या ते आराखड्याशेजारी लावणार आहे मी. सगळ्यांना दिसेल असं."

"नाव लिहिणार?" फोन ठेवल्यावर काकांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाचं असतं तर लिहिलंच असतं ना, काका? आणि लपवलं तर उद्या कुणीतरी उसना माणूस परत तेच शून्य घेऊन जाईल."

तिनं नव्या आराखड्याची मूळ प्रत टेबलावर पसरली. हिरव्या पट्टीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: दोन गावांच्या शून्यांत चार फुटांचा फरक, तो न धरल्यानं बारा घरं गेली. खाली मोजणीदार म्हणून वडिलांचं नाव. त्याखाली आणखी एक ओळ: या बारांतलं एक घर त्यांचं स्वतःचं होतं. मग आकड्याजवळ बारीक त्रिकोण काढला, त्रिकोणात टिंब दिलं, आणि पेन्सिल बाजूला ठेवली.

"यावर शाई तुम्ही करा, काका."

शाईकाकांनी दौत उघडली. टाक बुडवला, काठाला निपटला. वडिलांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर हात थांबला. मग मित्राच्या पेन्सिलीवर वर्षानुवर्षं चढवत आले होते तशी, रेघेवर रेघ, शाई चढवत गेले. हात एकदाही हलला नाही.

भाऊजींनी आपला गार झालेला चहाचा ग्लास उचलला आणि टेबलापासून लांब, खिडकीत नेऊन ठेवला.